डाव्या चाकाचे उलटे आटे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आळंदीला देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथेही दुसरंच काहीबाही मागून आलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दापोडीला हमरस्त्याच्या कडेला एका शेठचं गॅरेज होतं. मी तिथला जुना मिस्त्री. यशवंता कराडकडचा, त्याला कामाला मीच लावला. पाना कसा धरायचा हेसुद्धा मी शिकवलं, असं मी चारचौघांत सांगायचो. खोटं. त्याला शिकवावं लागलंच नाही, लेकाच्या हातातच विद्या होती! मी अर्धा दिवस इंजिन उघडून बसायचो, आणि हा नुसता कान देऊन सांगायचा, "दुसऱ्या शिलिंडरात बघ, ज्ञानबा." तिथेच निघायचं. कुणी त्याला यशवंतराव म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं, आणि सगळ्यांत मोठ्याने "वा!" मीच म्हणायचो. इतका जळायचो मी त्याच्यावर.

दुसरी मोठी लढाई संपून आठ-नऊ वर्षं झालेली. चाकणकडच्या एका पाटलांनी लष्कराच्या लिलावात घेऊन टाकून दिलेली जीप बैलांना जुंपून आमच्या दारात आणली. जीप कसली, गंजाचा ढीग! बुडातून बाभळीचं रोप वर आलेलं, मागे कोंबडीची अंडी. मी म्हणालो, "पाटील, हिच्यात कोंबड्याच पाळा." सगळे हसले. यशवंता हसला नाही. चिखलात बसून त्याने चाकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "उठंल ही."

चार महिने तो तिच्यामागे होता. गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून नवा लावला, मागची बाजू वाढवून कांद्याच्या पोत्यांना जागा केली. मी आपला दुरून बघायचो, आणि मनात म्हणायचो — नको उठू बाई, नको उठू.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही. या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे होते. साऱ्या दुनियेचे नट डावीकडे फिरवले की सुटतात, हे डावीकडे फिरवले की आणखी आवळतात. चालत्या चाकाने नट ढिला पडू नये म्हणून ती युक्ती. पुढच्या डाव्या चाकाचे स्टड, म्हणजे नट ज्यांच्यावर बसतात ते दांडे, पार गंजून गेलेले. उलट्या आट्याचे स्टड बाजारात कुठे मिळेनात. तर या पठ्ठ्याने ते लेथवर स्वतः केले! पाचही. मी एक हातात घेऊन पाहिला. खोट काढायलाच पाहिला. सापडली नाही.

गाडी सुरू झाली त्या दिवशी पाटलांनी नारळ फोडला आणि यशवंताच्या डोक्याला फेटा बांधला. म्हणाले, "चाकणला बाजाराजवळ माझी जागा हाय. तिथं तू सोताचं गॅरेज घाल, यशवंतराव." माझ्या हातात काय होतं ठाऊक आहे? खोबऱ्याचं ताट. मी प्रसाद वाटत होतो. इतक्या वर्षांत मला कुणी जागा सोडा, टोपीसुद्धा दिली नव्हती.

आमच्या धंद्यात एक रीत होती. गाडी सोडताना काय बदललंय, काय सांभाळायचं, ते ड्रायव्हरला तोंडाने सांगायचं. कागद-बिगद नाही. मिस्त्रीचं तोंड हाच कागद. त्या दिवशी शेठनी यशवंताला दुसऱ्या कामाला थांबवून घेतलं, आणि जीप पोचवायला भिकूबरोबर — भिकू पाटलांचा ड्रायव्हर — मी गेलो. यशवंता धावत बाहेर आला. "ज्ञानबा, तेवढं उल्ट्या आट्याचं सांग त्याला. दोनदा सांग."

चाकणला उतरताना भिकूने आपणहून विचारलं, "मिस्त्री, अजून काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

मी म्हणालो, "काही नाही. बिनघोर चालव."

मला वाटलं काय होतं? एखादं चाक निघणार नाही, पाटील वैतागतील, फेट्याची थोडी ऐट उतरेल — एवढंच. खरंच एवढंच? आता मलाही नक्की सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी त्याच पुढच्या डाव्या चाकाची हवा उतरली. भिकूने रोजच्या सवयीने पाना लावून डावीकडे फिरवला, नट हलेना. मग पान्याला हातभर नळी घालून जोर केला. कडाकड दोन स्टड तुटले. त्याला वाटलं नट गंजलेत. हवा भरून गाडी आमच्याकडेच आणावी म्हणून तो निघाला, पाटील शेजारी बसलेले. मोशीच्या उतारावर उरलेले तीनही तुटले. चाक निघून पुढे गेलं आणि जीप उलटली. भिकूला खरचटलं. पाटलांचा पाय मांडीत मोडला, तो कधी सरळ झालाच नाही.

पाटलांच्या ओसरीवर यशवंताने मला सगळ्यांदेखत विचारलं, "उल्ट्या आट्याचं सांगितलं व्हतंस न्हवं?"

"सांगितलं होतं."

भिकू माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हणालो, "विसरला असशील, भावा." तेव्हा तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "इसरलो असंन." त्याची नोकरी तिथेच गेली.

पाटील खाटेवरून ओरडले, "आरं, पक्कं पोलाद नळीनं तुटतं व्हय? मालच कच्चा घातला ह्यानं!" यशवंताने तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. "मूळचे असते तर तुटले नसते, न्हाई का रं?" मी बघितलं. पोलाद चोख होतं. एवढ्या लांब नळीने उलटं पिळलं तर मूळचेही तुटले असते. मी म्हणालो, "नसते तुटले."

त्यानंतर यशवंता लेथजवळ गेला नाही. पिंपरीला नव्या कंपनीत माल उचलायला लागला. "माझ्या हातांचा भरवसा न्हाई," म्हणायचा. आणि चाकणची जागा? ती पाटलांनी भरवशाचा मिस्त्री म्हणून मला दिली. मी घेतली. हो, घेतली. आज माझ्या घरावर जो माळा आहे, तो त्या जागेतल्या गॅरेजच्या कमाईचा.

पुढे मला एक खोड लागली. ड्रायव्हरला सगळं दोनदा सांगितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. त्याचंच माझं नाव झालं.

यशवंता आता नाही. म्हणजे हे सांगण्यातही माझी मर्दुमकी काही नाही. शेवटचा तो माझ्या गॅरेजवर आला होता तेव्हा बाकावर चहा पीत बसला होता, आणि मी एका ड्रायव्हरला ब्रेकचं दुसऱ्यांदा समजावत होतो. ड्रायव्हर गेल्यावर यशवंता म्हणाला, "ज्ञानबा, तुजी ही सवय लई चांगली बग. पयल्यापासनंच हाय तुला."

मी म्हणालो, "हो. पहिल्यापासनं."