खाडीचं पाणी चांगलं होतं

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. आधी वाटायचं, आक्का असताना नको. आता आक्का नाही. तिच्या तेराव्याला पंगत उठल्यावर मागच्या पडवीत हात धुताना वाडीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "सगळा बरा होता गो तिचा. पण तेव्हा आमका फसवल्यान." मी खांबाआड उभा होतो. पुढे झालो नाही. म्हणून आता वाडीला, आणि माझ्यासारखे जे मुंबईत, आखातात, आणखी कुठे कुठे पांगलेत त्यांनाही सांगतो: फसवलं ते आक्काने नाही, मी.

मी निघालो त्या दिवशी मालवणच्या स्टँडवर आई आणि माझी थोरली बहीण आक्का, दोघीच आल्या होत्या. आक्का खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून तशीच आलेली, लुगड्याचा काठ ओला. आई म्हणाली, "पोचलंस काय कळय." आक्काला गंमत सुचत होती. "थंयचे गोरे लोक तिसरे खातत काय रे? खाईत असले तर माका बोलव, टोपली घेऊन येतंय." एसटी हलली तेव्हा मात्र तिने तोंड फिरवलं.

हॉलंडमधल्या एका छोट्या गावात माझं आयुष्य गेलं. काम प्रकाशाचं. नखाएवढ्या चिपवर विजेच्या तारांऐवजी प्रकाशासाठी केसाहून बारीक वाटा कोरायच्या. माझे काही सहकारी अशा चिपवर प्रकाशाकडून गुणाकार-बेरजा करून घेत. संगणकांच्या मोठाल्या केंद्रांत वीज वाचावी म्हणून. माझ्याकडे दुसरं काम होतं, ओळखण्याचं. वाटेला लागून एक सूक्ष्म वर्तुळ असतं. त्यात एका ठरावीक रंगाचाच प्रकाश घुमत राहतो. वर्तुळावर असा लेप द्यायचा, की पाण्यातलं हवं ते विष तेवढं त्याला चिकटेल. चिकटलं की तो रंग जरासा सरकतो. सरकला, म्हणजे विष आहे.

पण उष्णतेनेही तो सरकतो. म्हणून शेजारी झाकलेलं दुसरं वर्तुळ ठेवतात. त्याला फक्त उष्णता कळते, ती वजा करायची. माझ्या हातातल्या चिपवरचं हे दुसरं वर्तुळ निकामी होतं. लॅबमध्ये तापमान बारा महिने एकच, त्यामुळे काही अडलं नव्हतं. मी मे महिन्याच्या सुटीत गावी येताना ती डब्यात घालून आणली. मला दाखवायचं होतं. एवढी वर्षं हा तिकडे काय करतो, हे एकदा वाडीला कळावं.

सकाळच्या गारव्यात विहिरीचं पाणी घालून यंत्र शून्यावर आणलं. खाडीचं पाणी तपासलं ते भर दुपारी, कौलं तापलेली असताना, पडवीत. प्रत्येक नमुन्यात विष. शेवाळातून शिंपल्यांत उतरणारं, माणसाला लुळं करणारं. दुपारी पुन्हा एकदा विहिरीचं पाणी घालून बघायला हवं होतं. कोकणात जन्मलेला मी, मे महिन्याचा उकाडा विसरलो.

आक्काने एक शब्द विचारला नाही. टोपली उपडी घातली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात स्वतः उभी राहून गिऱ्हाइकांना सांगितलं, "खाव नकात. माझो भाव सांगता, ता खोटा कसा आसात?" बाकीच्या बायकांच्या तिसऱ्या तशाच राहिल्या. एकजण ओरडली, "गो, तुझ्या भावाच्या डब्यान आमच्या चुलीत पाणी ओतला!" आक्का म्हणाली, "चूल पेटात परत. माणूस मेला तर परत येणा नाय."

देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं, तेही तिच्याच आग्रहाने. "खाडीचा पाणी पयल्यासारखा कर रे म्हाराजा!" आणि सगळी वाडी, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं.

हॉलंडला परतल्यावर मी ती चिप सहज म्हणून गरम पेटीत ठेवली आणि साधं स्वच्छ पाणी सोडलं. रंग सरकला. पडवीत सरकला होता तेवढाच. म्हणजे खाडीत विष नव्हतंच, तो उकाडा होता. फोन जवळच होता.

तो केला काही महिन्यांनी. आणि म्हणालो काय? "आक्का, पाणी आता सुधारला असात. तिसरे काढूक हरकत नाय." चूक सांगण्याऐवजी पाणीच सुधारून टाकलं. ती रडायला लागली. "बघ, देवान ऐकला!" त्यानंतर खरं सांगणं म्हणजे तिच्या देवाचं उत्तर काढून घेणं, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोयीची होती.

बायका पुन्हा खाडीत उतरल्या. कोणी आजारी पडलं नव्हतं, पडलंही नाही. त्यावरून त्यांनी ठरवलं की आक्कानेच काहीतरी रचलं होतं. तिसऱ्या मिळतात त्या वाळूच्या बेटावर जायला होडी लागते, आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी तिला कुणी होडीत जागा देईना. ती काजूच्या कारखान्यात गेली. टरफलांच्या तेलाने तिची बोटं काळी पडली, सालं निघाली. व्हिडिओ कॉलवर ती हात पदराखाली ठेवायची. मला दिसत होतं.

घर म्हणजे काय, असं मला तिकडे पुष्कळांनी विचारलं. मी समुद्र, माड असं काहीबाही सांगायचो. खरं म्हणजे जिथे माझा शब्द कुणी तपासून न बघता खरा मानला, ते माझं घर. तिथेच मी खोटं बोललो.

शेवटी ती कणकवलीला दवाखान्यात होती. मी विमानातून उतरून थेट तिथे गेलो. वाक्य तयार होतं, मालवणीतच. खाट धरून बसलो आणि म्हणालो, "आक्का, त्या मे महिन्यात..."

तिने डोळे उघडले. "जेवलंस?"

"जेवलंय," मी म्हणालो. जेवलो नव्हतो. तिने मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.