सांगवीच्या फाटकापर्यंत

आमच्या गावातल्या कुणी अजून प्रवासवर्णन लिहिलेलं नाही. मी घरातला पहिला पदवीधर, बी.एस्सी., रसायनशास्त्र, तेव्हा पहिलं वर्णनही मीच लिहावं म्हणतो. परदेशाचं नाही, चाकण ते सांगवी. पंचवीस-सव्वीस किलोमीटर असेल. पण त्या दिवसाएवढा लांबचा प्रवास मी आजवर केलेला नाही.

फोन आला तेव्हा नऊ वाजत आले होते आणि मी घरमालकिणीच्या ओट्यावर दात घासत होतो. सांगवीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्या सोसायटीत वॉचमन. टाळेबंदी लागली तेव्हा सोसायटीनं ठरवलं, वॉचमन बाहेर गेला तर पुन्हा आत घ्यायचा नाही. दादा आत राहिले. झोप फाटकाजवळच्या केबिनमध्ये, जेवण आळीपाळीनं एकेका घरातून. आई आणि बहीण गावाकडं, लातूरच्या बाजूला. मी चाकणला कंपनीत. चार महिने आम्ही चौघं तीन ठिकाणी होतो आणि रात्रीच्या फोनवर रोज तेच विचारत होतो, जेवलास का, जेवलात का.

"हे बघा," सेक्रेटरी म्हणाले, "रोज सकाळी स्टाफचं ऑक्सिजन बघतो आम्ही. तुमच्या वडिलांचं काल एकोणनव्वद होतं, आज सत्त्याऐंशी. मी अँब्युलन्स बोलावतोय."

"ताप आहे? दम लागतोय?"

"तसं काही दिसत नाही. पण यंत्र सांगतंय ना."

मागून दादांचा आवाज आला, "मला काई झालं नाई म्हणून सांगा त्येला."

मी म्हणालो, अकरापर्यंत थांबा, मी येतोच. सेक्रेटरी म्हणाले, "अकरा. पण मधे दम लागला तर मी तुमची वाट बघणार नाही. आणि पुढची जबाबदारी तुमची."

मी थांबा का म्हणालो? माझं काम कंपनीत तयार माल तपासायचं. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की तुकडा नापास करायच्या आधी मापाचं यंत्र तपासा. त्यासाठी मास्टर पीस असतो (ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा तुकडा). तो लावून बघायचा. हे सगळं खरं; पण खरं सांगायचं तर नियम मला नंतर आठवला, भीती आधी वाटली. आमच्याच आळीतला एक माणूस स्वतःच्या पायानं अँब्युलन्समध्ये चढला होता, पोरांना हात करून. नंतर घरच्यांना फक्त फोन आला.

घरमालकीण, आम्ही सगळे भाडेकरू तिला आक्का म्हणतो, चाकणच्या जुन्या घराण्यातली. भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवून तिनं ती फडक्यात बांधली आणि कठड्यावर ठेवून मागं सरकली.

"जातोस तर जा. बापासाठी न्हाई जायाचं तर कुनासाठी? पर परत आल्याव माडीव चढायचं न्हाई. चौदा दिस गोठ्याशेजारची खोली."

"बरं."

"आन् तोंडावरचं फडकं खाली वढू नको. बोलताना वढतोस तू. म्या बघितलंय."

कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि मोटरसायकल काढली.

चाकणचा रस्ता असा मी कधी पाहिला नव्हता. एरवी शिफ्ट सुटताना तिथं पाय ठेवायला जागा नसते. आता कंटेनर ओळीनं उभे, आणि एका कंटेनरच्या सावलीत ड्रायव्हर लुंगी वाळत घालत होता. कंपन्यांच्या फाटकांवर पाट्या: ताप, खोकला असल्यास आत येऊ नये. टपरी बंद होती, पण शेजारच्या झाडाखाली एक जण थर्मास घेऊन उभा होता. शिफ्टच्या गर्दीत चहा सांडतो म्हणून मी नेहमी चिडायचो. त्या सकाळी कुणी धक्का मारून माझा चहा सांडवला असता तर मी त्याचे आभार मानले असते.

मोशीला इंद्रायणीच्या पुलाअलीकडं पोलिसांनी अडवलं. हवालदार माझ्याएवढाच असेल वयानं. डोळे लाल झालेले.

"कुठं?"

"सांगवी. वडील आजारी आहेत."

"आज सकाळपासून सगळ्यांचेच वडील आजारी आहेत. काय झालंय?"

"तेच बघायला चाललोय."

त्यानं माझं ओळखपत्र दुरूनच वाचलं. मग म्हणाला, "माझे नाशिकला आहेत. मला कोण पास देणार? जा राव."

भोसरी ओलांडली. इथल्याच एका प्लेटिंगच्या दुकानात दादांनी वीस वर्षं काम केलं, लोखंडी भाग रसायनात बुडवून चकचकीत करायचं. माझी फी त्या दुकानातून आली. दुकानाच्या शटरवर धूळ साचली होती. मी गाडी हळू केली, पण थांबलो नाही.

कासारवाडीला स्टेशनच्या अलीकडं मागचं चाक बसलं. सव्वादहा वाजले होते. रूळ रिकामे होते, फलाटावर कुत्री झोपली होती. गाडी ढकलत निघालो तर एका गॅरेजचं शटर गुडघ्याएवढं उघडं दिसलं. मी खाली वाकून हाक मारली. आतून आवाज आला, "लांबूनच सांगा."

"पंक्चर आहे, भाई."

गॅरेजचे मालक रफीकभाई बाहेर आले. पन्नाशीचे, मेहंदी लावलेली दाढी मास्कच्या खालून डोकावणारी. त्यांनी आधी माझ्या गाडीच्या हँडलवर सॅनिटायझरची पिचकारी मारली, मग चाकाला हात लावला. गॅरेजसमोर एक पांढरी गाडी उभी होती. काचेवर हिंजवडीच्या कंपनीचा स्टिकर आणि मागच्या सीटवर टोमॅटो, गवार, कोथिंबीर. तिचा ड्रायव्हर सोपान पायरीवर बसला होता.

"इंजिनियर बसायचे इथं," तो सीटकडं बोट दाखवून म्हणाला. "आता माळवं (भाजीपाला) बसतंय. एसी तेवढाच लागतोय."

मी का निघालोय ते त्यानं विचारून घेतलं आणि हसला. "सत्त्याऐंशी! भावा, ते बोटाला लावायचं खेळणं आहे. माणूस आजारानं नाही मरत, आकड्याच्या भीतीनं मरतो. माझ्या मेव्हण्याला पॉझिटिव्ह म्हणाले, चौदा दिवस पत्ते खेळून आला."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो. "माझे वडील पण म्हणतात, मला काही झालं नाही."

रफीकभाईंचा हात थांबला.

"माझा मोठा भाऊ हेच म्हणायचा," ते म्हणाले. "मला काही झालं नाही. सकाळी इथंच बसून चहा प्यायला, माझ्याशी भांडला, पाना नीट ठेवत नाहीस म्हणून. आकडा खाली होता, आम्ही म्हटलं यंत्र खराब आहे. असरला गेला." (म्हणजे दुपारच्या चार-पाचच्या नमाजाच्या वेळी.)

 सोपाननं मास्क नाकावर चढवला.

माझी पदवी, माझा मास्टर पीस, सगळं त्या शटरपाशी गळून पडलं. यंत्र चुकत असेल असं मी धरून चाललो होतो, कारण मला तसं हवं होतं. आणि यंत्र बरोबर असेल तर मी दादांचे दोन तास खाल्ले होते. मी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. "दम लागतोय का?"

"नाही. पण तुम्ही कुठं आहात? अकरा वाजत आले."

"ट्यूब फाटलीय," रफीकभाई म्हणाले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, तिच्यावर पिचकारी मारली आणि माझ्या पायाशी ठेवली. "माझी स्कूटर घे. तुझी गाडी होऊन राहील. जा."

"तुम्ही मला ओळखत नाही, भाई."

"तुझी गाडी आहे ना माझ्याकडं. पळ आता."

पवनेच्या पुलावरून जाताना पाणी पाहिलं नाही, काहीच पाहिलं नाही. त्यामुळं त्या भागाचं वर्णन माझ्याकडं नाही.

सोसायटीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. सेक्रेटरी हातात फोन घेऊन उभे होते. आणि दादा केबिनबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गणवेश घालून, टोपीसकट. चार महिन्यांत माणूस बारीक झाला होता. मास्कच्या वर फक्त डोळे. ते डोळे बघून मला एकदम आठवलं, की शाळेत असताना महिन्या-दोन महिन्यांनी ते गावी यायचे तेव्हा एसटी स्टँडवर मी आधी डोळेच शोधायचो.

"कशाला येऊलालास एवढ्या लांबून?" (येतो आहेस.) मग लगेच, "आधी नोंद कर."

"दादा, आत कुठं येऊ देताय मला?"

"फाटकापर्यंत आलास का नाई? मग नोंद पायजे."

फाटकाच्या गजांमधून त्यांनी रजिस्टर सरकवलं आणि मागं झाले. मी माझं नाव लिहिलं. फ्लॅट नंबरच्या रकान्यात 'केबिन'. कोणाकडे, या रकान्यात 'वडील'. आत आल्याची वेळ दादांनी स्वतः घातली, ११.०५. आकडे ते छान काढतात. अक्षरं मात्र मी सातवीत असताना ते माझ्याकडूनच शिकले होते.

फाटक दीड हात उघडून त्या फटीत स्टूल ठेवलं. वस्तू स्टुलावर ठेवायची, मागं सरायचं, मग दुसऱ्यानं घ्यायची. यंत्र आधी मी माझ्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. मग सेक्रेटरींनी लावलं, सत्त्याण्णव. यंत्र ठीक होतं. दादांनी उजव्या हाताचं पहिलं बोट घातलं. अठ्ठ्याऐंशी.

सेक्रेटरी माझ्याकडं बघत राहिले. मी दादांच्या बोटाकडं बघत होतो. वीस वर्षं हातमोजे न घालता रसायनात बुडलेलं बोट. टोकाची कातडी टाचेसारखी घट्ट, नख पिवळं, जाड. आणि हे यंत्र बोटातून उजेड आरपार पाठवून माप घेतं.

"काका, माप घ्यायच्या आधी हात धुवायला लावता?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"अर्थात. थंड पाण्यानं, वर सॅनिटायझर. नियम आहे."

"थोडं कोमट पाणी मिळेल?"

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी पातेलं पाठवलं. दादांनी हात बुडवले, चोळले, पुसले. मी म्हणालो, डाव्या हाताची करंगळी. त्या बोटाचं कातडं तेवढं मऊ राहिलं होतं. आकडा चढत चढत पंचाण्णववर थांबला.

"मग खरं कुठलं?" सेक्रेटरींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आणि रफीकभाईंच्या भावाची गोष्ट ऐकून आलेल्या मला स्वतःच्या उत्तरावर भरवसा नव्हता. मदतकेंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळानं फोनवर डॉक्टरबाई आल्या, थकलेल्या आवाजाच्या. "सहा मिनिटं चालवा. चालल्यावर आकडा उतरला तर एक मिनिट थांबू नका, पाठवून द्या. नाही उतरला तरी उद्या तपासणी करा."

दादा टोपी नीट करून निघाले. इमारतीला वळसा घालायचा, पार्किंगमधून मागं, पाण्याच्या टाकीवरून पुढं. एक फेरी साधारण दीड मिनिटाची. मला दिसायचं ते फक्त समोरचं, बाकी भिंतीआड. गॅलऱ्यांमध्ये लोक आले होते. कुणीतरी वरून म्हणालं, "काका, सावकाश, शर्यत नाही." दादांनी हातानंच गप्प केलं.

पहिल्यांदा ते भिंतीआड गेले तेव्हा मी मनात आकडे मोजायला लागलो. एक, दोन, तीन... चाळीसच्या पुढं गेल्यावर काही सुचेना. मग टोपी दिसली, मग खांदे. पुन्हा गेले. फाटकाचे गज मी दोन्ही हातांनी धरले होते, सॅनिटायझर-बिनिटायझर विसरून. तिसऱ्या फेरीला त्यांना उशीर झाला. खरंच झाला, की मला वाटलं, ठाऊक नाही. "दादा!" मी ओरडलो. भिंतीआडून आवाज आला, "आलो की रे! टाकीचा नळ गळूलालाय, त्यो बंद केला."

गॅलऱ्या हसल्या. मला हसता येईना.

सहा मिनिटं झाली. करंगळी. पंचाण्णव. थोड्या वेळानं शहाण्णव.

सेक्रेटरींनी फोन खिशात घातला. "हे आम्हाला कसं कळणार होतं?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच घरच्यासारखा वाटला.

"बी.एस्सी. हाय त्यो," दादांनी त्यांना सांगितलं. माझ्याकडं न बघता.

मी भाकरीचं फडकं स्टुलावर ठेवलं. दादांनी ते उचलून नाकाशी नेलं आणि मास्क आडवा आला. मास्क खाली घेतला. चार महिन्यांनी मला त्यांचा चेहरा दिसला, दाढीचे खुंट पांढरे झालेले. वासानं त्यांनी डोळे मिटले. "ठेचा हाय," म्हणाले. वास येत होता, हेही बरं झालं. पण मला दिसत होती ती त्या फाटकातली दीड हात जागा. हात आत घालता आला असता. घातला नाही. दोघांनीही नाही.

"जा आता. नाक्यावर पुन्हा अडवतील," ते म्हणाले आणि रजिस्टरमध्ये मान घालून बसले.

कासारवाडीला रफीकभाईंना लांबूनच सांगितलं, "ठीक आहेत." ते म्हणाले, "अल्लाचे आभार," आणि माझी गाडी पुढं ढकलली. मग म्हणाले, "चांगलं केलंस, गेलास." सोपाननं हातात कोथिंबिरीची जुडी दिली. आजाराबद्दल त्यानं नंतर काही मत दिलं नाही.

चाकणला आक्कानं आधी दादांची चौकशी केली, मग गोठ्याशेजारची खोली दाखवली. तहान लागली होती. तिनं लांबून, वरून तांब्या धरला आणि मी ओंजळ पुढं केली. माझ्या आजोबांना गावात असंच पाणी मिळायचं, आजार नसताना. ओंजळ धरताना ते आठवलंच. मी लपवून काय करू? पण आक्का तिच्या शिफ्टवरून आलेल्या लेकालाही तसंच पाणी देत होती, हे मी त्याच संध्याकाळी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दादांची तपासणी निगेटिव्ह आली. आक्का ओट्यावरून ओरडली, "तुझा बाप खडखडीत हाय, आता तू खोकू नको म्हंजी झालं."

पुढं दोन महिन्यांनी सोसायटीचं फाटक उघडलं. मी गेलो, दादांच्या पायाला हात लावला, त्यांनी पाठीवर ठेवलेला हात बराच वेळ तसाच राहिला. चहा झाल्यावर मी जुनं रजिस्टर मागितलं. त्या दिवसाचं पान सापडलं. दूधवाला, गॅसवाला, औषधांचा पोरगा, प्रत्येकाची आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मी गावी घरी असतानासुद्धा जे आईला विचारायचे, की पोरगं किती वाजता भाईर गेलं, त्या माणसाचं रजिस्टर. माझ्या नावापुढं आत आल्याची वेळ ११.०५. गेल्याची वेळ कोरी.

"हे कसं राहिलं दादा?"

त्यांनी पान बघितलं. पेन खिशात होतं, पण काढलं नाही.

"तू गेलास तवा मी वर बघितलंच नाई," ते म्हणाले. "जे बघितलं नाई त्येचा टाइम कसा लिवू?"

मी चाकणला राहतो, रोज कामाला जातो, गावीही जाऊन आलो. पण त्या रजिस्टरप्रमाणे मी अजून सांगवीतून निघालेलो नाही. आणि मला विचाराल तर ते रजिस्टर बरोबर आहे.