ताईचा आवाज, प्रमिला मॅडमचा वर्ग

वाशीम स्टेशनवर उतरले तेव्हा नुकते उजाडले होते. फलाटावर बोचरे वारे होते आणि चहावाल्याने स्टोव्ह आत्ताच पेटवला होता. माझ्या पिशवीत दोन टॅब, एक स्पीकर आणि ताईने लिहिलेले प्रशिक्षणाचे टिपण होते. पहिली-दुसरीच्या मुलांना गणित शिकवणारे सॉफ्टवेअर माझ्या थोरल्या बहिणीने वर्षानुवर्षे खपून तयार केले. त्यातले सगळे धडे तिच्याच आवाजात आहेत. पावसाळ्यात ती गेली. या जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या कार्यशाळा तीच घेणार होती. त्या आता माझ्याकडे आल्या. मी ग्रंथालयात काम करणारी, लोकांसमोर बोलायची सवय नाही. म्हणून कार्यशाळेआधी एखाद्या शाळेत जाऊन सराव करावा असे ठरवले.

टिपणातला एक भाग मात्र मी वगळला होता. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. ते दाबून शिक्षकांना धडा स्वतःच्या आवाजात भरता येतो. तसे केले की त्या टॅबमधला ताईचा आवाज पुसला जातो. मूळ ध्वनिमुद्रण आमच्या संगणकात राहणारच होते. पण लोक तिला रोज ऐकतील अशी दुसरी जागा उरली नव्हती.

वाशीमहून एसटीने कारंजा आणि तिथून जीपने कामरगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोंगलेल्या तुरीच्या पेंढ्या, मध्येच संत्र्याची बाग. जीपमध्ये भाजीचे टोपले घेऊन एक बाई चढली.

"थोडं सरका न बाई. एवढी जागा कायले पायजे तुमाले?"

"पिशवीत सामान आहे."

"मंग माया टोपल्यात काय हवा हाय?"

सगळी जीप हसली. मी पिशवी मांडीवर घेतली आणि मेथीत पाय रुतवून कामरगाव गाठले.

तिथल्या शाळेत प्रमिला मॅडम पहिलीच्या वर्गाला शिकवतात. पाणी देऊन त्यांनी लगेच वर्गात नेले. शाळेला द्यायचा टॅब मी स्पीकरला जोडला आणि धडा सुरू केला. ताईचा स्वच्छ, सावकाश आवाज उमटला, "मुलांनो, झाडावर तीन पोपट होते. आणखी दोन आले. आता किती झाले?"

सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. हात जोडून सगळे ओरडले, "एक साथ नमस्ते!" आणि मग गप्प. कोणी हलेना.

साहेब शाळा तपासायला आले की उभे राहायचे, नमस्ते म्हणायचे आणि शांत राहायचे, ही त्यांना लावलेली शिस्त. ताईच्या आवाजात मुलांना साहेब दिसला होता.

"बसा रे!" प्रमिला मॅडमना हसू आवरेना. "ह्या बाई अशा बोलतात, जशी काई तपासणीच हाय. पोट्टे (मुलं) भेतात न!"

मग तोच प्रश्न त्यांनी विचारला. एकदम गलका झाला. पाच, सहा, पुन्हा पाच, आणि सहा म्हणणाऱ्याच्या पाठीत धपाटा.

"ताई, याच्यात आमचा आवाज टाकता येते काय?" मॅडमनी मला विचारले.

"बघते," मी म्हटले. येतो, एवढे म्हणणे मला जमले नाही.

मुक्काम त्यांच्या घरी, धनजला होता. त्यांचे यजमान दिलीपभाऊ भाजीपाला करतात. मळ्यात रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) बेत होता, सोबत झणझणीत वांग्याची भाजी.

"घ्या न अजून एक," दिलीपभाऊ म्हणाले. "तुमच्याकडचे लोकं चिमणीवानी खातात."

"काहून गप झाल्या, ताई?" प्रमिला मॅडमनी विचारले. "तिखट लागलं का?"

मी सांगून टाकले. तो आवाज माझ्या बहिणीचा आहे, ती आता नाही, आणि तो पुसायचे बटण मला ठाऊक आहे.

दिलीपभाऊंचा वाढता हात थांबला. प्रमिला मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला.

"मले मालूम नव्हतं. अन मी हासलो," त्या म्हणाल्या. "राहू द्या मंग तोच आवाज. पोट्ट्याईले मी आदत लावतो."

त्या मनापासून बोलत होत्या. मी नुसते बरे म्हटले असते तरी भागले असते. पण मला तो वर्ग दिसत राहिला, तसबिरीपुढे उभे राहावे तसा हात जोडलेला. शांत वर्ग पाहिला की ताईला करमत नसे.

सकाळी शाळेत मी ते बटण दाखवले. पडद्यावर प्रश्न आला, जुना आवाज पुसायचा का?

"तुमी दाबा," प्रमिला मॅडम म्हणाल्या.

"नको. मी गेल्यावर तुम्हालाच करायचे आहे."

त्यांनी पदराला बोट पुसले आणि दाबले. मग तीन पोपटांचा धडा त्यांच्या आवाजात भरला गेला, मागे एका ट्रॅक्टरची धडधडही. तो लावल्यावर मुले टॅबकडे पाहत, मॅडमकडे पाहत थबकली.

"मॅडम, तुमी आतमंदी बी हाय?" एकीने विचारले. आणि मग उत्तरांचा असा कल्ला उठला की पुढचे वाक्य कोणालाच ऐकू आले नाही. मीही त्यात हसले. मग बाहेर जाऊन व्हरांड्यात थोडी उभी राहिले.

परतीच्या गाडीत मी टिपण उघडले आणि वगळलेला भाग कार्यशाळेच्या पहिल्याच सत्रात घातला. शिक्षक किती असतील, मला बोलता येईल का, ही धास्ती अजून आहेच. बटणाची मात्र राहिली नाही. ताईचा आवाज माझ्या घरी आहे. तो ऐकून गप्प बसणे मला जमते. पहिलीतल्या मुलांना ते शिकवायची गरज नाही.