मडक्यातला वाघ

दसरूभाऊ सिनेमाला आले की पडद्याकडे पाठ करून बसत. तंबूतली दोन-तीनशे माणसं एका दिशेला तोंड करून बसलेली, आणि पहिल्याच रांगेत हा एक काटक, पन्नाशीचा ढिवर, म्हणजे मासेमार, उलटा, लोकांकडे तोंड करून मांडी घालून बसलेला. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचाऱ्याला कळत नसेल. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, पिक्चर तिकडं आहे."

"मालूम हाय जी," ते म्हणाले. "तो उद्याबी तिथीच राह्यते. एवढे मानसं एकजागी मले कुठी पाहाले भेटतीन?"

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं तर माझ्या एका लबाडीविषयीही लिहावं लागतं, म्हणून आजवर लिहिलं नाही. घरातही कोणाला बोललो नाही. गावासमोर त्यांच्यावर जो आळ आला त्यामागचं कृत्य माझं होतं. आता लपवून काही राखायचं उरलं नाही, तेव्हा दोन्ही लिहितो.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. चांद्याच्या एका मालकाचा फिरता सिनेमा होता आणि मी त्याचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे तिकिटं फाडायची, रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून भोंग्यावरून जाहिरात करायची आणि इंजिन रुसलं की मेस्त्रीची मनधरणी करायची. त्या वर्षी होळीनंतर आमचा तंबू पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या एका गावात पडला. मालकानं सोबत दिलेलं पिक्चर नरभक्षक वाघाचं होतं. कुठल्यातरी कंपनीनं अगदी काटकसरीत काढलेलं. त्यातला वाघ कधी सर्कशीतला, बरगड्या निघालेला. कधी पेंढा भरलेला. आणि जिथं माणसावर झडप घालायची तिथं चक्क कातडं पांघरलेला माणूस. मोठ्या शहरात लोक म्हणे ते पाहून किंचाळत होते. आमच्या तंबूत हसून लोळत होते.

"अबे, याच्या पोटाले गुंड्या हायेत!"

"आंग पाहा गा त्याचं. याले कोनं खाल्लं?"

वाघ ओरडला की हसू दुप्पट. कारण तो आवाज वाघाचा नव्हताच. कशाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही. ज्यांच्या शेतापलीकडे खरा वाघ नांदतो त्यांना वाघाचं भय दाखवायला मी निघालो होतो. तिसऱ्या दिवशी तंबू अर्धा रिकामा. मालकाची चिठ्ठी आली, या गावात पिक्चर पडलं तर तुम्ही दुसरं काम बघा.

त्या संध्याकाळी खेळ सुटल्यावर दसरूभाऊ थांबले. "बाबू, तुमच्या जनावराले दमा झाला का जी?" वाघाला ते कधी वाघ म्हणत नसत. जंगलाकाठचे जुने लोक म्हणत नाहीत. मी वैतागून म्हटलं, "मग तुम्ही काढा ना आवाज!" ते उठून घरी गेले आणि अरुंद तोंडाचं एक मातीचं मडकं घेऊन आले. त्याच्या गळ्याला शेंदराची एक रेघ होती. त्यांनी मडक्याच्या तोंडाला तोंड लावलं आणि पोटातून आवाज सोडला. शेजारच्या गोठ्यातल्या दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. मी स्वतः खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून दसरूभाऊ पडद्यामागे बसू लागले. मशीनवाला त्या जागी भोंग्याचा आवाज बंद करी आणि मडकं बोले. त्यांची एक अट होती. रोज तंबूत येण्याआधी ते शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला पाणी घालून परवानगी घेऊन येत. "त्याचा आवाज हाय जी, माहा नाई. मांगूनच आनाव लागते." आणि दुसरी गोष्ट त्यांनी मला न विचारताच केली. पिक्चरमध्ये वाघ लाकूडतोड्याच्या बायकोला मारतो तिथं मूळ आवाज सर्वांत मोठा होता. दसरूभाऊ तिथं गप्प बसले. मी मागं धावलो. "अहो, ओरडा ना!"

"मारताना तो बोलत नाई, बाबू. बोलते तो सांगाले, का मी इथी हाव, तुमी तिथीच राहा."

तंबूत कोणी हसलं नाही. तो गुंड्यांचा वाघ आवाज न करता त्या बाईच्या मागून येत होता आणि सगळी माणसं श्वास धरून बसली होती. एका म्हातारीनं "अवो, मांगं पाहा ना बाई!" म्हणून पडद्यातल्या बाईला ओरडून सांगितलं. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या.

रिकाम्या दुपारी ते तंबूच्या सावलीत जाळं विणत बसत आणि मी त्यांच्याकडून मडक्याचा आवाज शिकत असे. तो आवाज त्यांच्या वडिलांकडून आलेला. त्यांनी मला हौसेनं शिकवला आणि मला तो कधीच आला नाही. "बाबू, तुमचं पोट शहरातलं हाय," ते म्हणत. "त्याच्यात चहाच हाय सारा."

गावात त्यांचं खरं काम वेगळंच होतं. मोहाच्या दिवसांत फुलं पहाटे गळतात आणि उजाडताच बायका टोपल्या घेऊन वेचायला जातात. त्याआधी दसरूभाऊ एकटे मोहाच्या झाडांतून फेरी मारत. पायखुणा, वास, माकडांचं बोलणं, सगळं तपासून एक लांब हाक देत. ती हाक आली की बायका घराबाहेर पडत. त्यांच्या पुढं असे जयवंताबाई, दसरूभाऊंची थोरली बहीण; ते तिला 'बाई' म्हणत. तिचं सासर गावातच होतं. सालातले दोन-तीन महिने त्या फुलांवर निघत, तेव्हा भावाची हाक म्हणजे काय हे तिला पुरतं माहीत होतं. "दसरूनं हाक देल्ली का मी डोये मिटून जाव," असं ती म्हणे.

आता माझं सांगतो.

दोन आठवडे झाले आणि गर्दी ओसरू लागली. एकच पिक्चर कितीदा पाहतील? मला वाटलं, जंगलात खरा वाघ बोलला अशी बातमी उठली तर लोक पुन्हा येतील. दसरूभाऊंना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. मडकं पडद्यामागेच ठेवलेलं असे. एका पहाटे ते उचलून मी नाल्यापलीकडे दडलो आणि दसरूभाऊंची फेरी संपल्यावर मोहाच्या झाडांमागं जाऊन बसलो. दसरूभाऊंची हाक झाली. ते तलावावर जाळी उचलायला निघून गेले. बायका आल्या. मी मडक्यात तोंड घालून ओरडलो.

दोनदाच ओरडलो. बायकांच्या किंकाळ्या ऐकून मीच घाबरलो, मडकं हातातून सुटून फुटलं आणि मी पळालो. बायका टोपल्या टाकून धावल्या होत्या. जयवंताबाई नाल्यात पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. घाबरलेल्या माणसांना एकत्र बसायचं होतं. दसरूभाऊ आले तेव्हा मी म्हटलं, "मडकं हमालांच्या हातून फुटलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घरी जाऊन दुसरं मडकं आणलं आणि आपलं काम केलं. पुढं दोन दिवस कोणी मोहाला गेलं नाही. ऐन बहराची फुलं ढोरांनी खाल्ली. तिसऱ्या दिवशी गावातले पुरुष पायखुणा शोधायला गेले आणि शेंदराच्या रेघेची खापरी घेऊन परतले.

चिंचेखाली गाव जमलं. मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली होती. पाटलांनी खापरी पुढं टाकली.

"दसरू, हे मडकं कोनाचं?"

"माहं."

"आधी हाक देल्ली, बायका बलावल्या, अन् मंग भेवाडलं? काऊन गा? सिनेमाच्या पायी?"

दसरूभाऊ खापरीकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो, कदाचित नसतोही. मला तंबू जळताना दिसत होता, मालक दिसत होता, पोरांच्या हातातल्या काठ्या दिसत होत्या. जयवंताबाई हाताला बांबूच्या कांब्या बांधून बसली होती. तिनं एकच विचारलं, "मी पुढं हाव हे मालूम होतं ना गा तुले?"

"मालूम होतं, बाई," ते म्हणाले.

गावानं ठरवलं, दसरूची हाक यापुढं कोणी मानायची नाही. किसन नावाच्या जवान पोरानं फेरी मारायची. एवढंच. मारलं नाही, काही घेतलं नाही. चार दिवसांनी आम्ही तंबू उचलून धानोऱ्याला गेलो. निघताना दसरूभाऊंनी मला केळीच्या पानात बांधलेले भाजलेले मासे दिले. ते मी खाल्ले. हेही लिहून ठेवतो.

आठ वर्षं गेली. मालकानं तंबू मोडला, मी चांद्यात लाकडाच्या डेपोवर कारकून झालो. एके दिवशी थिएटरात माणसं खाणाऱ्या मगरीचं पिक्चर पाहत होतो, तसंच गरीब, रबरी मगरीचं. मगर ओरडली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "मडक्यात तोंड घालून वरडून राह्यला बे!" सगळे हसले. मला तिथं बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी त्या गावी गेलो.

दसरूभाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत होते. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते गाठ मारत राहिले.

"मडकं फुटलं तवाच समजलं जी. अन् आवाजबी ऐकला होता म्या, तलावावरून. मले वाटलं, कोनाची म्हैस अडली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमाले शिकवलं कोनं? माहा बाप सांगून गेला होता, जो जंगलात राह्यत नाई त्याले हे शिकवाचं नाई. म्या शिकवलं. अन् नाव घेतलं असतं तं पोट्ट्यांनी तुमाले कुटलं असतं. पावने होते तुमी." मग जाळं बाजूला ठेवून म्हणाले, "बाकी मस्त चालू हाय. मासे हायेत, नातू हाय. एक बाई तेवढी बोलत नाई. राखीले येत नाई. तेवढं मातर..."

त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. मी म्हटलं, "गाव बोलवा."

दुपारी पुन्हा त्याच चिंचेखाली माणसं जमली. मी कबूल केलं. आणि जे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं ते झालं, कोणी विश्वासच ठेवला नाही.

"दसरूनं चांद्यावरून सायेब आनला गा साक्षीले!" एक म्हातारा म्हणाला.

"मासे खाऊ घातले असन," दुसरा म्हणाला.

मी शपथा घेऊ लागलो. तेव्हा मागं बसलेली जयवंताबाई उठली. मनगट वाकडंच जुळलं होतं. "शपथा राहू द्या. मडकं आना," ती म्हणाली. "तो आवाज म्या ऐकला हाय. मी सांगीन."

मडकं आलं. चाळिशीला टेकलेला, धोतरातला डेपोचा कारकून भर दुपारी दीडशे माणसांसमोर मडक्यात तोंड घालून ओरडला. पोरं फिदीफिदी हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. इतक्यात दसरूभाऊंना राहवलं नाही. ज्या आवाजासाठी त्यांनी आठ वर्षं भोगली तो इतका वाईट निघालेला त्यांना सहन होईना. ते जागेवरून म्हणाले, "तोंड जरा आत घ्या, बाबू. गळ्यातून नाई, पोटातून!"

मी पुन्हा ओरडलो. जयवंताबाईनं डावा हात वर केला.

"बस. हाच. हाच तो रेडा." आणि ती भावाकडे वळली. "अन् तू गा? आठ सालं तोंडात का मासा धरून बसला होता? म्या तुह्या पोरीच्या लग्नात पाय नाई ठेवला!" तिनं वाकड्या उजव्या हातानं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, मग दुसरा.

"बाई, हात दुखन तुहा," दसरूभाऊ म्हणाले. तेव्हा ती रडायला लागली.

किसन आता बाप्या माणूस झाला होता. तो पुढं येऊन म्हणाला, "भाऊ, उद्यापासून हाक तुमीच द्या." दसरूभाऊ हसले. "तूच दे गा. आता मी खाटेवर पडून ऐकीन." पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्याच्याबरोबर गेले, आणि पुढं पाय चालले तोवर जात राहिले, असं मला नंतर कळलं.

माणसं पांगली. मी चिंचेखाली मडकं धरून उभा होतो. जयवंताबाई डोळे पुसून माझ्यापुढं आली. मी मान खाली घातली.

"तुमाले मी माफ नाई केलं," ती म्हणाली. "हात रोज दुखते. पन भुकेले असान. दसरूच्या घरी चाला, मीबी आज तिथीच जेवनार हाव."

आणि मी येतो की नाही हे न पाहता ती भावाच्या अंगणाकडे चालू लागली.