अस्वलाचा वाटा

मोह वेचून झाला की झाडाखाली एक मूठ फुलं तशीच सोडायची, ही आमच्याकडची रीत. ती मूठ रानातल्या जनावरांची. "झाड आपल्या एकट्याच्या नावाचं नाई," सासूबाई म्हणायच्या. लग्न होऊन आले त्या पहिल्याच चैत्रात मी ही रीत शिकले. पुढे एका चैत्रात मला तिचा भयंकर राग आला.

त्या वर्षी पहाटे मोहाखाली वाकलेल्या आमच्या यांना अस्वलाने धरलं. मोह त्यालाही आवडतो, आमच्याइतकाच. वडशाच्या दवाखान्यातून हे जिवंत घरी आले, पण डावा डोळा गेला होता आणि गाल ओठापर्यंत फाटून कसाबसा शिवलेला होता.

हे आमच्या गावच्या दंडारीतले, म्हणजे नाचगाण्याच्या खेळातले, सोंगाडे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार उभी राहिली, की यांनी नुसती मान वाकडी केली तरी माणसं हसून लोळायची. त्या माणसाने आता तोंडावर दुपट्टा बांधला आणि घराचा कोपरा धरला. शेजारची लेकरं एकदा यांना पाहून रडली, तेव्हापासून हे अंगणातही येईनात. त्या वर्षीची दंडार यांच्यावाचून झाली. ढोलकी घरापर्यंत ऐकू येत होती आणि हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. जखम भरली होती, पण माणूस परत येईल असं मला वाटेना. मी फार घाबरले होते.

पुन्हा मोह गळायला लागला. सासूबाईंनी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केली आणि एका सकाळी टोपली यांच्यापुढे ठेवली.

"चाल बाबू. आमी दोघी बाया किती वेचू?"

मी चिडले. "त्याच झाडाखाली कायले नेता त्याइले?"

"दुसरं झाड आपल्याले कोनं देल्लं?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. हे टोपली उचलून मागे गेले.

तिथे गेल्यावर कळलं की यांना फूल उचलता येत नाही. एका डोळ्याला अंतर समजेना. हात फुलाच्या अलीकडेच मातीवर पडायचा. दोनतीनदा तसं झालं आणि यांनी आमची अर्धी भरलेली टोपली लाथाडली. सासूबाईंनी सांडलेलं भरलं, मग शेजारी बसल्या.

"सारं झाड नोको पाहू. हे एक फूल पाय. हे उचललं का मंग दुसरं."

त्यांनी मुलाचा हात धरला नाही. मला मात्र धरावासा वाटत होता. हे बोटं जमिनीवरून सरकवत फुलापर्यंत न्यायला लागले. ऊन चढेपर्यंत तेच चाललं. आधी धाप लागल्यासारखा येणारा श्वास हळूहळू शांत झाला. वर्षभरात यांना असं कशात गुंतलेलं मी पाहिलं नव्हतं.

निघताना मी झाडाखालची उरलीसुरली फुलंही गोळा करायला लागले. त्या मेल्या अस्वलासाठी एक फूल ठेवणार नाही, असं म्हणालेसुद्धा.

"राहू दे मूठभर," दुपट्ट्याआडून हे बोलले. "जीव तं ठेवला ना त्यानं माहा. त्याचा वाटा खाल्ला तं तो दुसरा गाल मागाले येईन."

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं. सासूबाईंनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

टोपल्या भरल्या होत्या. यांनी एक मूठ बुंध्याशी ठेवली, तोंडावरचा दुपट्टा सोडून जमिनीवर पसरला आणि बाकीची फुलं त्यात बांधून गाठोडं खांद्यावर टाकलं.

घरची वाट गावाच्या मधूनच जायची. हे पुढे, आम्ही दोघी मागे. विहिरीपाशी खेळणारी लेकरं यांचं उघडं तोंड पाहून थबकली. हेही थांबले. मग दंडारीत करायचे तशी यांनी मान वाकडी केली.

आधी एक पोरगी हसली, मग सारी.