जीप का बंद पडते

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नाही, आणि माझं आजवरचं लिहिणं म्हणजे परीक्षेचे पेपर आणि घरी टाकलेली कार्डं. तेव्हा हे लिहायला बसलो याबद्दल वाचणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावं. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते माझे थोरले चुलते या गोष्टीबद्दल मला कधी एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर कदाचित मी लिहिलं नसतं.

आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला. भिंगारला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा तात्यांनी एक पेट्रोलची जीप घेतली. गावात दुसरी गाडी नव्हती. बहात्तरच्या उन्हाळ्यात ही जीप रस्त्यात बंद पडू लागली. सकाळी गारव्यात नीट चाले. दुपारी दहा-बारा मैल गेली की आचके देऊन थांबे. मग इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं पोतं टाकायचं, अर्धा तास बाभळीखाली बसायचं, की पुन्हा सुरू. त्यामुळे पंप तापतो, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं.

त्याच दिवसांत तात्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल पायाकडून आहे, घरी सुईणीवर विसंबू नका, कळा सुरू होताच नगरला आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी रविवारी गावी गेलो तेव्हा तात्यांनी मला जीपपाशी नेलं आणि बॉनेट उघडलं. पंपाला काचेची वाटी होती. पेट्रोल येतंय की नाही ते तिच्यात दिसे.

“गाडी थांबती तवा ही वाटी भरल्याली असती,” ते म्हणाले. “पेट्रोल हाय, मग पंपाचा दोष कसा? मला वाटतं, करंटच तुटतोय.”

मी नगरला सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. उन्हानं पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही, वाटी भरलेली दिसली तरी वाफ पुढे अडते, हे मी त्यांना मडगार्डवरच्या धुळीत बोटानं काढून दाखवलं. पंप मी आयुष्यात कधी खोलला नव्हता. ते मात्र मी सांगितलं नाही.

चुलती दारातून ऐकत होती. “त्याचं ऐका,” ती म्हणाली. “त्यो कालेजात हाय. तुमी सातवी नापास.”

तात्या हसले. “व्हय बाबा, तू शिकल्याला.”

त्यांनी पंपात पेट्रोल ओढणारा नवा पडदा बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दहा मैल जाऊन आलो. गाडी कुठे अडली नाही. आता बिनघोर राहा, असं सांगून मी नगरला परतलो. पहाटे ती आधीही अडत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत माझ्या टेबलावरची तारेची कॉईल थोडा वेळ चाले आणि मग तिच्यातून करंट जाईना. सरांनी ती निवू दिली, तेव्हा पुन्हा चालली. आत तार तुटली आहे, ते म्हणाले. गार असताना टोकं टेकतात, तापली की सुटतात.

मला जीप आठवली. जीपमध्येही प्लगला ठिणगी देणारी कॉईल असते. पोत्यानं पंप निवत होता, पण त्या अर्ध्या तासात कॉईलही निवत होती. गुण थांबण्याचा होता आणि आम्ही तो पोत्याला देत होतो. तात्यांचं बरोबर होतं.

संध्याकाळची एस.टी. मिळाली असती. पण दुसऱ्या दिवसापासून माझे पेपर होते. मी कार्ड लिहिलं: पंप नाही, कॉईल. आधी ती बदला, तोवर उन्हात गाडी काढू नका. कार्ड टाकून मी अभ्यासाला बसलो.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी वडील वसतिगृहात आले. ते यापूर्वी कधी आले नव्हते. खाटेच्या कडेवर बसून त्यांनी हळूहळू सांगितलं. मी कार्ड टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी कळा सुरू झाल्या. नगरजवळ केडगावच्या अलीकडे जीप थांबली, आणि या वेळी निवूनही सुरू होईना. मी पंप म्हटलं होतं म्हणून तात्या पंपच दोनदा खोलून बसले. शेवटी एका ट्रकवाल्यानं बापलेकीला दवाखान्यात नेलं. माझं कार्ड त्यानंतर दोन दिवसांनी पोचलं.

“तात्यांनी सांगितलं हुतं, पोराचे पेपर होईस्तवर काई कळवू नगा,” वडील म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“पोरगी वाचली. बाळ न्हाई ऱ्हायलं.”