महानंदाचा उजवा डोळा

लातूर जिल्हा झाला, पाठोपाठ पावसानं दडी मारली, आणि त्याच दुष्काळात उदगीरच्या महानंदाचा डावा डोळा गेला.

कळलं तेही अपघातानंच. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर धरून एकटक बघायचं, ही तिची रोजची पूजा. एका सकाळी उजव्या डोळ्यात भस्म गेलं, तो मिटला, आणि लिंगच दिसेना. समोर नुसता करडा धूर.

सासू गुरम्मा हरखली. "लई भाग्याची हाईस गं! ध्यान लागलंय तुझं."

ध्यान कसलं डोंबलाचं! नवरा विरूपाक्ष भुसार दुकानदार. त्यानं मोतीबिंदू ठरवून टाकला. पिकला की काढू म्हणे. मायलेकांनी मिळून वर्ष घालवलं.

शेवटी तीच हट्टानं लातूरला गेली. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू नाहीच, आतली नस पांढरी पडलीय. हैदराबादला डोक्याचा फोटो निघाला. डोळ्यामागं गाठ होती. कॅन्सरची नव्हे, साधीच, पण नसेवर चढून बसलेली. गेलेली नजर येणार नव्हती. गाठ वाढली तर उजवाही जाणार होता.

तेव्हापासून एकच चाळा. उजवा शाबूत आहे ना, हे बघायला तांदळातला खडा शोधायचा. दिसला की जीव भांड्यात, की लगेच दुसरा शोधायचा.

गाठ काढायला नेताना ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्स म्हणाली, "गळ्यातलं सगळं काढा."

गुरम्मा आडवी आली. लिंग अंगावेगळं करणं म्हणजे लिंगायतांत जिवंतपणी मरणच.

"काढलंस तर तुझ्या हातचं पाणी न्हाई पिणार मी!"

"नका पिऊ, अत्याबाई. न्हाई काढलं तर आंधळीच्या हातनं ते सांडणारच हाय."

"अगं, पण देवाचं..." विरूपाक्ष चाचरला.

"तुमचा मोतीबिंदू पिकला का अजून?"

तिनंच दोरा सोडला आणि लिंग त्याच्या ओंजळीत दिलं.

शुद्धीवर आली तरी पापणी उचलायचा धीर होईना. डॉक्टर सांगत होता, गाठीचा कण नसेला चिकटलेला ठेवावा लागला. दरसाल फोटो काढायचा. म्हणजे धास्ती संपली नव्हतीच. नर्स वैतागली, "उघडा की, बाई!"

उजवा डोळा उघडला. कॉटशेजारी गुरम्मा तोंड फिरवून बसलेली. पदराची किनार, अंबाड्यातली काळी पिन, सगळं लख्ख.

"अत्याबाई," ती पुटपुटली, "रुसलेल्या दिसताय की तुम्ही."

गुरम्मानं मान न वळवता आपला पाण्याचा तांब्या तिच्यापासून लांब सरकवला.